युडिटसाठी इंग्रजी

अहो, त्या उन्हाळ्याचं नावच काढू नका. आम्ही तेव्हा भोपाळला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हंगेरीची युडिट नावाची विद्यार्थिनी दोन महिने आमच्याकडे राहायला आली. तिला परकं वाटू नये म्हणून घरात फक्त इंग्रजी, असा बायकोचा हुकूम. भाजीत मीठ कमी पडलंय, हेही इंग्रजीत! ड्यूटीवरून आलो की मी सरळ झोपेचं सोंग घ्यायचो.

निघायच्या दिवशी युडिट कामवालीशी घडाघडा हिंदी बोलायला लागली. बायको उडालीच. “हिंदी आती थी, तो बोली क्यों नहीं?”

“हिंदी सीखने ही तो आई थी, आंटी. लेकिन आप लोगों को अंग्रेजी का इतना शौक! मना कैसे करती?”

बायको मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, “अहो, जरा पाणी आणा.”

दोन महिन्यांनी, मराठीत.