विमानातला वरवंटा

विमान कंपनीच्या मालकाची बायको असून मला विमानाची भीती वाटते, हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनी सहा जणांचं विमान घेतलं, तेव्हा सिहोऱ्याचे सरपंच म्हणाले, "तुमची बायको लेकराले घेऊन बसन, तवाच आमी बसू."

नागपूरच्या पहिल्या फेरीच्या दिवशी गोंदियाजवळच्या जुन्या धावपट्टीवर हे धानाच्या काट्यावर प्रत्येकाला पिशवीसकट तोलत होते. वजन जास्त भरलं तर एकाला उतरावं लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बाळाच्या दुपट्यांत घरचा वरवंटा गुंडाळून आणला होता.

वजन चार किलो जास्त भरलं. "मीच राहते," म्हणत मी मागे सरले, तर ह्यांनी माझी पिशवीच उघडली.

"हे काय आहे व?"

सगळे बघत होते. तेवढ्यात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मीच ठेवला. बारशाले पाळण्यात बाळासंगं वरवंटा निजवला होता ना? मंग हा बी पाळणाच आहे. राहू दे त्याले."

सरपंचांनीही मान डोलावली. आता वरवंटा खाली काढायची कुणाची छाती? ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग मी राहतो."

आता मात्र मला बसणं भाग होतं. दार लावताना हे वाकून हळूच म्हणाले, "नागपूरले पोचल्याबरोबर फोन कर. मले भेव लागून राहिलं."