नोझलचा आतला काठ

आता गनितच चुकलं म्हनल्यावर नोझल तरी काय करनार, साहेब? बसा, त्या स्टुलावर बसा — थांबा, पुसतो, पितळेचा कीस लई असतो तिथं. शेठ आन् ती तमन्ना चाकणला गेलेत, तीनपर्यंत येतील. तवर मला इचारा. सुप्यात एवढे कारखाने नव्हते तवापासून, अठ्ठावीस वर्षं झाली, भट्टीच्या बर्नरची नोझलं मीच पाडतोय. तुमची तक्रार कळली मला — धा नग नेले, धाच्या धा गॅस कमी सोडतात, ज्योत बुटकी येती, कढईतलं तेल लवकर तापत न्हाई. बरोबर ना? मग. भोक तुमी तपासलंच असंल, एक पॉईंट चार मिलिमीटर, गेजची पिन अलगद जाती. भोकात खोट न्हाई. खोट कागदात हाय, आन् कागद तिचा हाय.

तमन्ना म्हंजे आमची इंजिनेर. नगरची, सावेडीतनं रोज एसटीनं येती, गेल्या दिवाळीपासून हितं हाय. बोलायला गोड — सहादेवमामा, सहादेवमामा करती. तिचं म्हननं असं, की आपल्या भट्ट्यांना गॅसचा दाब कमी, म्हनून भोकातनं जाताना त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या लई खाली ऱ्हातो, आन् तसं असलं की किती गॅस जाईल ते आतल्या-बाहेरच्या दाबाच्या फरकावर ठरतं. फरक चौपट केला तरी गॅस दुप्पटच जातो. आता हे मला ठाऊक नव्हतं व्हय? कानानं ठाऊक हुतं — पन कान काय कागदावर मांडता येत न्हाई. नवा बर्नर आला की मी चार मापांची भोकं पाडायचो, पेटवून बघायचो, दोन दिवस जायचे त्यात. ती चहा निवायच्या आत आकडा देती. आन् बरोबर देती, खोटं कशाला बोलू. पयल्या बर्नरला म्या दोन दिवसांनी जे माप काढलं, तेच तिनं आधी चिठ्ठीवर लिहून घडी करून ठेवलं हुतं. चिठ्ठी उघडली तवा सगळे हसले, मी बी हसलो. घरी गेल्यावर जेवन गेलं न्हाई... ह्या बारीला चुकली, तेवढंच सांगतोय मी.

जळतो? व्हय, जळतो की. गोरक्षशेठ आधी गाडीतनं उतरला की सरळ माझ्या लेथपाशी यायचा — सहादेव, कितीचं भोक घ्यायचं? आता तिच्या काचेच्या खोलीत जातो, आन् मला तिथनं कागद येतो. त्या कागदावर एक आकडा हाय बघा, शून्य पॉईंट अठ्ठ्याऐंशी. तो कुठनं आला, सांगू? गनितात येतो तेवढा सगळा गॅस भोकातनं कधी जातच न्हाई, शंभरातला काही भाग जातो. किती, ते आतल्या काठावर हाय — काठ धारदार ठेवला तर गॅस वळताना आकसतो, बारीक होऊन जातो, सत्तर-पंच्याहत्तरच. काठ गोल केला की मऊ जातो, जास्त जातो. ती गोलाई मी देतो, लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून, अडीच फेरे, न मोजता. तीन महिने ती तुमी बसलाय त्याच स्टुलावर बसली, माझे चाळीस नग लावून बघितले, चाळीसच्या चाळीस अठ्ठ्याऐंशी. मामा, तुमचा हात हाय का मशीन, म्हनली. आन् मग तो आकडा आपल्या गनितात घालून खाली सही आपली केली. माझा हात हाय तो, साहेब. माझं नाव कुटं हाय त्यात?

तर ह्या धा नगांचं म्हनाल — ड्रॉईंगवर भोक लिहिलंय, लांबी लिहिलीय, आटे लिहिलेत. काठ गोल करा, असं कुटं लिहिलंय? दाखवा. न्हाई ना? तिला वाटलं मामा करतातच. म्हनून कागदावर हाय तेवढंच केलं... असं काय बघताय? कोनी केले म्हंजे — मीच केले. काठ तसाच सोडला, व्हय. मुद्दाम कशाला म्हनताय, कागदाबरहुकूम म्हना. एकदा तरी तिचा आकडा पडावा, शेठनं गाडीतनं उतरून हितं यावं, एवढंच हुतं मनात. तुमी फकस्त तक्रारीत लिवा, गनित चुकलं — तुमच्यासारख्या शिकलेल्या मानसानं लिवलं की शेठ ऐकंल. तिला काय, दुसरीकडं नोकरी मिळंल. मला ह्या वयात कोन इचारतंय.

काय हाय मोबाईलात? तिनं धाडलंय? आज सकाळी? आना, चष्मा लावतो... ‘गणित पुन्हा तपासलं, चूक सापडली नाही. तुमच्या फोटोत आतला काठ धारदार दिसतो. गोलाई ड्रॉईंगवर लिहायची राहिली, ती चूक माझी. पण हे नग सहादेवमामांच्या हातचे नाहीत. गडबडीत दुसऱ्या कुणीतरी केले असतील. मामांनी काठ असा कधीच सोडला नसता...’

न्हाई, वाचलं म्या. सगळं वाचलं.

दुसरं कोन हाय हो हितं. लेथ एकच हाय, ती बी मीच चालवतो.

घ्या तुमचा मोबाईल. तीन वाजत आले, येतील ती दोघं. तुमी बाहेर ऑफिसात बसा. काय सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा, मला काय इचारू नका आता. जा, साहेब.