डबा माझा घुमत न्हाई

म्हणं माझा डबा घुमतोय! दाजी झाले म्हणून कायबी बोलायचं व्हय? रेकॉर्डच्या सुईचा आवाज लय बारीक. तो वाढवायचा ह्यो डबा, म्हंजी प्रीॲम्प, मी माझ्या हातानं बांधलाय, गड्या. आदी घुमायचा, खरं हाय. मग ट्रान्सफॉर्मर येगळ्या डब्यात घातला, सगळ्या वायरी पुन्यांदा सोल्डर केल्या, अर्थिंगला जोडला. एकदम गप झाला.

दाजी आलेले त्या दिवशी आई रेकॉर्ड ऐकायला बसली. त्यात आमच्या आबांची हलगी हाय, आन् आबा गेल्यापास्नं तिनं ती ऐकलीच न्हवती. सुई टेकवली तर नुस्तं घूंऽऽ! हलगी पार बुडाली. आईचं त्वांड उतरलं.

दाजी म्हनले, "फेकून दे रं ते डबडं. तयार मशीन आन."

मी म्हनलं, "आवं, काल गप हुतं!"

तेवढ्यात घूं थांबलं आन् परत सुरू झालं. मी अर्थिंगच्या वायरीमागनं घरामागच्या परड्यात गेलो. बगतो तर दाजींनी तासगावच्या बाजारातनं आणलेली म्हशीची रेडी अर्थिंगच्या पायपालाच बांधलेली! तिनं हिसका दिला की वायर सुटायची.

रेडी सोडली, वायर आवळली. आतनं हलगी कडाडली आन् आई वरडली, "ह्येच! ह्येच वाजवत्यात!"

आता आतनं परत घूं ऐकू यायलंय, तवा तू सांग. मगाशी तुझी शेळी कुटं बांधलीस? पायपालाच न्हवं? मग बसलाईस काय? ऊठ, आदी सोड ती.