पाळी आळीची

इसवी सन १९८३च्या चैत्रातील एका सकाळी, वाशीच्या बसथांब्यावर गावी परतणाऱ्या बसची वाट पाहत, जुन्या रीतींचे कडवे अभिमानी हिराजीबाबा पत्नी जाईबाईंशी वाद घालत होते. सरपंचपदासाठी गावकी त्या संध्याकाळी एकच नाव ठरवणार होती आणि यंदा पाळी त्यांच्या आळीची होती. रांगेत मागे उभे असलेले गोडबोले मास्तर ऐकत होते.

“सख्ख्या पुतन्याला, हासुरामाला सोडून शेजारच्या गिरजाचं नाव घेऊ? बाईमानूस सरपंच, अशी रीत हाय आपली?”

“तिनं आळीत नळ आनला.”

“आनला, कबूल. पन नळ म्हंजे रीत नाय.”

“बरं, रीतच बोला. उभा रानारा आळीतला पायजे ना?”

“पायजेच. बापजाद्यांपासून!”

“मग तुमचा हासुराम निजतो कुठं?”

“वाशीला... नव्या फ्लॅटमदी.”

“आनि गिरजा?”

“ती उरनची.”

“उरनची होती. लग्नात तिच्या हातची सुपारी आळीनं घेतली, तवाच ती आळीची झाली. पयली सुपारी कुनी उचलली?”

“मीच.”

“मग?”

“बये, माजीच रीत माज्यावर उलटवलीस!”

“बस आली. सांजच्याला काय सांगाल?”

“रीत ती रीत. हासुराम बाहेरचा, गिरजा आळीची. सरपंच तीच.”