गाठीचे आबा कोणते?

पौडच्या दवाखान्यात हैबतराव रिपोर्टची वाट बघत बसले होते. शेजारी धोंडाबाई, त्यांचा नवरा आणि प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची भाडेकरू जान्हवी.

जान्हवी सांगत होती, "पेशीनं वाढायचा निरोप आतल्या आत भलतीकडे गेला की गाठ होऊ शकते, काकू."

"मंग नीट कसा जातुया?"

"एक प्रोटीन निरोप देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकत्र धरून ठेवतं."

"आवतनावानी! ‘आबा, जेवाया चला’ म्हटलं की समदे आबा उठत्यात. म्हून घरचं कुनी हात धरून नेतं."

"अगदी तसंच."

नर्स दारात आली. "आबा, आत चला."

तीन म्हातारे उठले.

"गाठीचे आबा कोणते?"

धोंडाबाईंनी नाव घेतलं नाही, नवऱ्याचं मनगट धरून त्यांना पुढं केलं. "हे आमचं."

दुसऱ्या आबांना त्यांच्या लेकीनं खाली बसवलं. हैबतराव उभेच.

नर्स त्यांच्याकडे वळली. "आबा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"मीच हाय की."