गुंड्यांचं गंध

...आणि वर मलाच विचारायलाय, "आई, हात कामून लावलास?" अहो, खंडेनवमी होती! विळीला, उखळाला, ह्यांच्या सायकलीला हळदीकुंकू लागतं, मग प्राणेशनं चार महिने खपून केलेल्या विजेच्या पेटीला कसं सोडू? लावलं एक बोट. तिथवर ठीक होतं. पण सांगते तुम्हाला, वाकडं दिसलं की माझा हात राहत न्हाई...

पेटीवर रेडिओसारख्या फिरवायच्या आठ गुंड्या. लेकानं समजावलं होतं मला, गुंडी फिरवू तसं तिचं व्होल्टेज, दर गुंडीचं वेगळं, पेटी ते ओळीनं एकामागं एक पुढं धाडते, आणि त्याच्या हुकमानं सूर चढतो-उतरतो, देवाजवळचा बल्ब मंद-तेज होतो, व्होल्टेज फार चढलं की छोट्या मोटरीनं हलणारी घंटा वाजते. एका पेटीत अख्खी आरती! मी व्हय व्हय म्हटलं, पण ध्यान कुठं? दर गुंडीच्या कपाळावर पांढरी रेघ, अगदी आमच्या ह्यांच्या गंधासारखी, आणि आठही तिरप्या! कुणाचं गंध कानाकडं, कुणाचं खांद्याकडं... केली हो सरळ, एकेक. वाकडं दिसलं की माझा हात राहत न्हाई.

दुपारी सुट्टी साधून गुलबर्ग्याच्या कॉलेजातले शिवशंकरप्पा सर आले, पेटी ऐकून प्राणेशला प्रयोगशाळेत घ्यायचं का ते ठरवायला. त्याच नोकरीसाठी मी अकरा गुरुवार धरलेले, अकरावा नेमका त्याच दिवशी. प्राणेशनं बटण दाबलं... टूं. टूं. टूं. टूं. एकच सूर! बल्ब एकसारखा मिणमिणतोय, घंटा मुकी. सर आपले शांतपणे, "तंबोरा छान आहे री. आरती यावाग, कधी?"

लेकरू घामाघूम, तारा उपसायलंय, माझंच चुकलं म्हणायलंय, आणि मी? दाराआड, उपवासाच्या तोंडानं गप्प! अकरा गुरुवारांचं पुण्य त्या गप्प बसण्यात किती उरलं असेल, तुम्हीच सांगा... शेवटी मान खाली घालून बाहेर आले. "सर, त्याचं न्हाई चुकलं. मी सगळ्यांचं गंध सरळ केलं."

सर असे हसले की चहा बशीत. प्राणेश हसला न्हाई. एकेक गुंडी परत तिरपी करत हळूच म्हणाला, "आई, वाकडं होतं म्हणूनच गात होतं."

वाजली आरती, घंटेसकट. सोमवारी बोलावलंय त्याला. पण आता गल्लीतली बाई न् बाई विचारते, नलिनीबाई, गंध सरळ आहे का? काय सांगू? ह्यांचं गंध पार भुवईवर उतरलं तरी मी बोट लावत न्हाई... कोण जाणे, पंचवीस वर्षं संसार त्या वाकडेपणावरच सुरात असेल.