थाप दिली की सोडायचं

नाही हो ताई, चपला बाहेरच, मॅटवर चालत नाहीत — हां, बसा. तर बाहेरचा बोर्ड बघून आलात ना? 'खरं स्वसंरक्षण'. त्या 'खरं'च्या खाली जुना रंग अजून दिसतो बघा, पेंटरने नीट खरवडलाच नाही. आधी मी वेगळं शिकवायचो, स्पर्धांचं, बावीस वर्षं — ती भिंतीवरची पदकं त्यातलीच. तर तुम्ही औषधाच्या दुकानातून आठला सुटता, मधला रस्ता सुनसान, कोणीतरी दोनदा मागे मागे आलं — बरोबर? सगळ्या हेच सांगतात. आणि सगळ्यांना वाटतं, तीन महिन्यांत सर काहीतरी जादू हातात देतील. नाही देत. आधीच सांगून ठेवतो, मागाहून बोल लावू नका.

आमच्यात एक नियम असतो बघा. हात पिरगाळून पेच घातला, समोरच्याला सहन होईना, की तो मॅटवर दोनदा थाप देतो — थप थप — आणि तुम्ही सोडायचं. लगेच, विचार करायचा नाही. नाहीतर रोज एकाचं कोपर निखळेल, नाही का? जो उशिरा सोडेल त्याला माझ्याकडे पन्नास जोर. रडला तरी पन्नास. लोक नावाजायचे, सरांच्या वर्गात कोणाचं हाड मोडत नाही म्हणून. माझी एक विद्यार्थिनी होती, सहाव्या वर्षापासून यायची, तिला एकदाही जोर काढावे लागले नाहीत. थाप कानावर पडायचा अवकाश, हात मोकळा. शिका जरा तिच्याकडून, असं मी बाकीच्यांना सुनवायचो.

तर ती — एकोणीस वर्षांची होती तेव्हा — भर दुपारी, पार्किंगच्या जिन्यात एकाने तिला धरलं. आणि तिने घातला की पेच! अगदी मी शिकवला तसा. गडी पालथा, तोंड फरशीला, हात तिच्या ताब्यात, अजून चार बोटं वाकवला असता तर कायमचा कामातून गेला असता. आता त्याला कुठे माहीत आमचा नियम? दुखलं म्हणून बिचाऱ्याने — बिचारा कसला, हरामखोर — मोकळा हात आपटला जमिनीवर. दोनदा. तिने सोडलं त्याला.

पुढचं नको. तिच्या जबड्यात तारा घालाव्या लागल्या, एवढंच सांगतो. बोलता येत नव्हतं, तर तिसऱ्या दिवशी वहीवर लिहून विचारलं तिने — बाबा, त्याने थाप दिली होती, सोडायलाच हवं होतं ना? — आणि मी मान हलवली. हो म्हणून. दुसरं काय करणार होतो? ... काय? हो, 'बाबा' म्हणालो मी. माझीच लेक ती. तो आतला दरवाजा आहे ना, तिथे असते. पाच वर्षं झाली. वर्ग सुरू झाला की कडी लावून घेते — मॅटवर कोणी पडलं की आवाज होतो ना, तो नाही सोसत तिला.

म्हणून सगळं बदललं. थाप बंद. आता शिकवतो — ओरडा, चावा, डोळ्यात बोटं घाला, पळा, आणि धरलंच तर सोडू नका, आपटू दे किती आपटायचं ते. काय झालं? दोघींची मनगटं दुखावली, एकीचा नवरा भांडायला आला, चाळीस जणींतल्या पाच उरल्या. आणि त्या पाचही सोडतात हो! सांगून सांगून घसा बसतो माझा, समोरची कळवळली की यांचे हात ढिले. त्या जुन्याच, माझ्याच हाताखालच्या, मीच पेरलेलं उगवतंय, दोष कोणाला देणार? म्हणून तर तुमच्यासारखी कोरी पाटी आली की वाटतं —

या, उभ्या राहा. लाजू नका. माझं मनगट धरा, दोन्ही हातांनी — आता बाहेरच्या बाजूला फिरवा — आणखी — छान, दुखतंय, खरंच दुखतंय. एकच सांगतो, काही झालं तरी सोडायचं नाही. मी गुडघ्यावर आलो तरी नाही. कबूल? पिरगाळा. अजून. अजून — आई गं —

सोडलंत.

नाही नाही, माफी कसली मागता! लागलं नाही मला. पण ताई, तुम्ही तर आज पहिल्यांदा इथे पाय ठेवलात. तुम्हाला मी काहीच शिकवलेलं नाही. आणि मी थाप तरी कुठे दिली, नुसता कण्हलो. मग तुम्हाला कोणी शिकवलं हे?

पाच वर्षं मी समजत होतो, चूक माझी आहे. माझी असती तर निदान सुधारता तरी आली असती.

नाही, फॉर्म राहू द्या. भरू नका. उजेड आहे तोवर निघा तुम्ही. आणि जाताना दार हळू ओढा — आत आवाज जातो.